फेडायची देणी

पॅट्रिशिया ब्रिग्जच्या कादंबऱ्यांमध्ये एक ताकीद पुन्हा पुन्हा येते: फे मंडळींचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की आपण त्यांचे देणेकरी असल्याचं आपणच कबूल करतो, आणि कबूल केलेलं देणं फे कधी सोडत नाहीत. हे फे म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांमधले, टेकड्यांच्या पोटात राहणारे लोक. आपल्या बालसाहित्यातल्या पंखवाल्या पऱ्यांशी त्यांचं नातं फार लांबचं. ब्रिग्जच्या फेंना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते खऱ्या शब्दांनीच माणसाला गुंडाळतात. २००६ साली ‘मून कॉल्ड’ आलं आणि २०२४ मध्ये ‘विंटर लॉस्ट’. दरम्यान मर्सी थॉम्पसन या नायिकेची चौदा पुस्तकं झाली. ही मालिका वाचत गेले तसतशी माझी खात्री होत गेली की ती ताकीद पात्रांपुरती नाही, लेखिकेने ती स्वतःलाही लावून घेतली आहे. इथे कुणी काही उसनं घेतलं, कुणी शब्द दिला, कुणाला जखम झाली, तर त्याचा हिशेब पुढच्या कुठल्या तरी पुस्तकात होतोच. लांबलचक मालिकेकडून वाचकाने सर्वांत आधी हेच मागावं, असं मला वाटतं.

मर्सी मेकॅनिक आहे. इतिहासाची पदवी घेऊन ती जुन्या फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते. वडील ब्लॅकफीट जमातीचे, आई गोरी, आणि मर्सीला मनात येईल तेव्हा कायोटीचं रूप घेता येतं. लांडगा होणाऱ्या माणसांनी तिला मोंटानाच्या डोंगरात वाढवलं. गॅरेज तिने झी नावाच्या म्हाताऱ्याकडून घेतलं. तो फे आहे, आणि लोखंड सोसू शकणाऱ्या मोजक्या फेंपैकी एक आहे. शेजारी राहतो ॲडम, तिथल्या लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या, व्हिएतनाममध्ये लढलेला आणि तरीही तरुण दिसणारा. हे सगळं घडतं वॉशिंग्टन राज्याच्या कोरड्या पूर्व भागात, केनेविक, पास्को आणि रिचलंड या एकमेकांना लागून असलेल्या तीन शहरांमध्ये. अर्बन फँटसी हा प्रकार एमा बुलने १९८७ मध्ये मिनिआपोलिसमध्ये रुजवला, जिम बुचरने शिकागोत वाढवला. ब्रिग्जने त्याला कोलंबिया नदीकाठच्या सफरचंदांच्या बागांत आणि द्राक्षमळ्यांत आणलं. इथे माणसं एकमेकांना ओळखतात, आणि म्हणूनच इथे देणं बुडवून पसार होणं कठीण.

एक साखळी पाहा. २००७ च्या ‘ब्लड बाउंड’मध्ये मर्सीला रक्तपिपासूंशी लढायचं असतं, तेव्हा झी तिला फे लोकांची हत्यारं वापरायला देतो. काम होतं, पुस्तक संपतं. पुढच्या ‘आयर्न किस्ड’मध्ये फे त्याची परतफेड मागतात: फेंच्या राखीव वसाहतीत खून होताहेत, तू वास घेऊन खुनी शोध. त्या शोधात एक जुनी फे काठी तिच्या मागे लागते. मेंढ्यांना जुळी कोकरं व्हावीत, एवढाच तिचा गुण. पण कुठेही ठेवली तरी ती मर्सीकडे परत येते. याच पुस्तकात मर्सी एका दुकानदाराकडून फे लोकांविषयीचा एक ग्रंथ वाचायला आणते. तो परत करण्याची गोष्ट २०१० च्या ‘सिल्व्हर बॉर्न’मध्ये घडते आणि तिचं राहतं घर जळण्यापर्यंत जाते. काठी २०११ च्या ‘रिव्हर मार्क्ड’मध्ये नदीतल्या राक्षसाविरुद्ध वापरली जाते, रक्ताला चटावते, आणि मर्सी ती कायोटी या आद्य लबाड देवाच्या हवाली करते. २०१४ मध्ये, ‘नाइट ब्रोकन’च्या सुरुवातीलाच, काठी घडवणाऱ्याचा मुलगा दारात उभा राहतो: माझ्या बापाची वस्तू मला हवी.

हे वाचताना मला विलक्षण समाधान मिळतं. ते रहस्य उलगडण्याचं नाही. आपलं वाचणं वाया गेलं नाही याचं आहे. मराठी वाचकाला मालिका नव्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांमधला झुंजार किंवा काळा पहाड, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नारायण धारपांचे समर्थ या माणसांना आपण वर्षानुवर्षं भेटत आलो. पण ती भेट दर वेळी नव्याने सुरू होते. फेणे मोठा होत नाही, झुंजारला मागच्या पुस्तकातली गोळी या पुस्तकात दुखत नाही. त्या पुस्तकांचा आनंद खरा आहे, त्यांनी हजारोंना वाचायची गोडी लावली, आणि मी त्यांची देणेकरी आहे. त्यांना मात्र काळ वर्ज्य होता. काळ आत घेतला की नायकाच्या अंगावर वळ राहतात, आणि ते वळ लेखकाला पुढची दहा पुस्तकं सांभाळावे लागतात.

‘आयर्न किस्ड’चा शेवट ही या मालिकेतली सर्वांत अवघड जागा. मर्सीवर बलात्कार होतो. तिच्या तोंडी लावलेल्या जादूच्या पेयामुळे तिची इच्छाशक्ती उरत नाही. आपण होकार दिला की काय, ही शंका तिला नंतर पोखरते. लोकप्रिय वाङ्मयात असा प्रसंग बहुधा नायकाला सूड घेता यावा म्हणून योजलेला असतो, आणि सूड उगवला की लेखक मोकळा होतो. इथे तो बलात्कारी त्याच पुस्तकात मरतो. पण पुढचं पुस्तक, ‘बोन क्रॉस्ड’, जवळजवळ लगेच सुरू होतं आणि मर्सी गॅरेजमध्ये एकटी काम करू शकत नाही. पावलांचा आवाज आला की श्वास कोंडतो. ज्या पुरुषावर तिचं प्रेम आहे त्याच्या स्पर्शानेही घाबरायला होतं. ती बरी होते, पण टप्प्याटप्प्याने, मध्येच मागे जात, आणि पुष्कळ पुस्तकांनंतरही ती भीती अवचित डोकं वर काढते. मूळ प्रसंग ब्रिग्जने लिहायलाच नको होता असं मानणारे वाचक आहेत, आणि त्यांची अस्वस्थता मला समजते. पण लिहिल्यावर तिने त्याच्याकडे पाठ फिरवली नाही. एकाच कादंबरीत हे जमलं नसतं. बरं होण्याला लागणारा वेळ वाचकाच्याही आयुष्यातून जावा लागतो. दोन पुस्तकांमधलं रिकामं वर्ष इथे कथेचाच भाग होऊन जातं.

याच जगात घडणारी ‘अल्फा अँड ओमेगा’ ही दुसरी मालिका ब्रिग्ज समांतर लिहिते. त्यातल्या ‘फेअर गेम’मध्ये (२०१२) बॉस्टनमध्ये एक टोळी वर्षानुवर्षं फे आणि लांडग्यांची शिकार करत आलेली असते. त्यांनी एका नर्तकीचे पाय कायमचे निकामी केलेले असतात. पुरावे भक्कम, टोळीतला एक आरोपी समोर, पण बळी पडलेले पुरते माणूस नव्हते म्हणून ज्यूरी त्याला सोडून देते. त्या नर्तकीचा बाप त्याला तिथेच मारतो, आणि फे जाहीर करतात की तुमच्या कायद्याशी आमचा संबंध संपला. हाच बाप दोन वर्षांनी मर्सीच्या दारात काठी मागायला येतो. दोन मालिकांमधलं हे जोडकाम मला फार मोलाचं वाटतं, कारण तोवर वाचकाला कळलेलं असतं की या माणसाने न्याय मागून पाहिला होता.

‘फेअर गेम’ वाचताना मला ब्रिजेट क्लीअरी आठवते. १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात तिच्या नवऱ्याने, मायकेलने, तिला जाळून मारलं. त्याचं म्हणणं होतं की आजारी पडलेली ही बाई आपली बायकोच नव्हे. फेंनी खरी बायको पळवली आणि तिच्या जागी आपल्यातली एक ठेवून गेले. नातेवाईक, शेजारी तिला धरून ठेवायला, प्रश्न विचारायला हजर होते. न्यायालयाने मायकेलला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा दिली. ही कादंबरी नाही, खटल्याच्या नोंदींतली गोष्ट आहे. समोरच्याला माणसांतून वगळलं की त्याचं काहीही करता येतं, हे टिपररीत दिसलं. ब्रिग्जने बॉस्टनच्या ज्यूरीकडून तेच करवून घेतलं. फँटसी वाचणं म्हणजे पळ काढणं, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर पळायला जागाच दिसत नाही.

मालिकेची भूमीही देणेकऱ्यांची आहे. ‘रिव्हर मार्क्ड’ घडतं ते कोलंबिया नदीच्या घळीत. तिथे सेलिलो धबधब्यावर आदिवासी जमाती हजारो वर्षं सामन मासे धरत, बाजार भरवत. मार्च १९५७ मध्ये द डॅलेस धरणाचं पाणी चढलं आणि धबधबा काही तासांत बुडाला. खडकांवर कोरलेली कित्येक चित्रंही पाण्याखाली गेली. त्सागाग्लालाल, सगळ्यांवर नजर ठेवणारी ती, हे कोरीव चित्र उंचावर होतं म्हणून वाचलं. धरणं आणि त्यांत बुडालेली गावं मराठी वाचकाला परकी नाहीत, पण नदीतून वर येणाऱ्या राक्षसाची गोष्ट त्या काठावर बेतली जाते तेव्हा पाण्याखाली नेमकं काय आहे हे त्या भागातलं माणूस जाणून असतं. रिचलंडच्या वरच्या अंगाला हॅनफर्ड. १९४३ मध्ये सरकारने तिथल्या शेतकऱ्यांना आणि वनापम लोकांना हुसकावलं आणि प्लुटोनियम तयार करायचे कारखाने उभारले. नागासाकीवर पडलेल्या बाँबमधलं प्लुटोनियम तिथलं. आज १७७ भूमिगत टाक्यांमध्ये साधारण २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा उरलेला आहे. हॅनफर्ड या मालिकेच्या केंद्रस्थानी नाही, ही जोडणी माझी. तरी प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात अशा जमिनीवर अमर पात्रांची गोष्ट वाचताना ती केल्यावाचून राहवत नाही.

२०१६ च्या ‘फायर टच्ड’मध्ये पास्को आणि केनेविक जोडणाऱ्या केबल ब्रिजवर मर्सी फेंसमोर बोलून जाते की ही तिन्ही शहरं आमच्या टोळीच्या राखणीत आहेत. रागाच्या भरात उच्चारलेलं वाक्य. पण ऐकणारे शब्दाला जागणारे, म्हणून टोळीला ते निभवावं लागतं. मोंटानाचा सर्वोच्च म्होरक्या, ज्याच्या टोळीत ती वाढली, तिच्या टोळीशी संबंध तोडतो. पुढच्या पुस्तकांमध्ये लोक छोट्यामोठ्या पिशाच्चबाधांसाठी ॲडमच्या घरी फोन करू लागतात. कोकणातल्या, गोव्यातल्या वाचकाला हे उलगडून सांगावं लागणार नाही. गावाची शीव राखणारा राखणदार, त्याला वर्षाचं ठरलेलं देणं, ते चुकलं तर त्याने करून दिलेली आठवण, हा करार तिथे अजून पाळला जातो. फरक इतकाच की गावाला तो करार वाडवडिलांकडून मिळतो. मर्सीने तो स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतला, आणि नंतर तो तिचा मान झाला.

काळाचं गणितही चमत्कारिक आहे. पहिल्या पुस्तकात ॲडमची मुलगी जेसी शाळेत होती. चौदाव्यापर्यंत ती कॉलेजच्या वयाची झाली. बाहेर अठरा वर्षं गेली. २००६ मध्ये मर्सीच्या वयाचे असलेले वाचक आता पन्नाशीकडे झुकले आहेत, आणि ती अजून तिशीतच. लांडगे म्हातारे होत नाहीत, फे शतकांच्या भाषेत बोलतात. मालिकेतल्या वयस्कर अमरांचं खरं दुःख असं की त्यांच्या आठवणी शिल्लक राहतात आणि त्या आठवणींतली माणसं राहत नाहीत. तरुणपणी वाचताना हे दुःख मला केवळ त्यांच्या जातीची खूण वाटे. आता झीच्या तुसडेपणातली ओल मला कळते, आणि ती कळायला मध्ये गेलेली वर्षं लागली.

एका देण्याकडे मात्र ब्रिग्जने अजून नीट पाहिलेलं नाही. ‘नाइट ब्रोकन’मध्ये ॲडमची पहिली बायको, ख्रिस्टी, जीव वाचवायला आसऱ्याला येते. तिच्या मागे लागलेला पुरुष तिला खरोखर मारणार असतो. तरी पुस्तक तिच्याकडे जवळजवळ सतत कारस्थानी, रडवेली, दुसरीचं घर बळकावू पाहणारी बाई म्हणून पाहतं. जी लेखिका मर्सीच्या भीतीला इतकी पुस्तकं देते, तिने दुसऱ्या एका घाबरलेल्या बाईला इतकं कमी द्यावं, हे मला पटत नाही. ख्रिस्टी लांडग्यांच्या जगात माणूस म्हणून राहिली, मूल वाढवलं, आणि शेवटी न सोसून निघून गेली. तिच्या बाजूने ती वर्षं कशी होती, हे मला पुढच्या एखाद्या पुस्तकात वाचायचं आहे.