नाव घेऊन प्रार्थना



चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत एक क्षण येतो. पाळकसाहेब म्हणतात, "आपण प्रार्थना करू या." माना झुकतात. आधी मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली जातात. मग राष्ट्रपतींचं, पंतप्रधानांचं, मुख्यमंत्र्यांचं. एका बाकावर सत्ताधाऱ्यांना मत दिलेला माणूस असतो, शेजारी न दिलेला. 'आमेन' दोघंही म्हणतात.

ही रीत फार जुनी. राजांसाठी प्रार्थना करा, असं बायबलमध्ये, तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात, प्रेषित पौल सांगतो. तेव्हा रोमचे सम्राट ख्रिस्ती नव्हते. तरीही प्रार्थना करा. राजा आपला आहे म्हणून नव्हे. त्याच्या एका सहीवर कितीतरी घरांच्या चुली अवलंबून असतात, म्हणून.

पण प्रार्थना करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंना आठवा. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात बायकांचे हाल झाले. रमाबाईंनी जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. आणि १९०५ साली केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्याच रमाबाई स्त्रियांना प्रार्थनेसाठी एकत्र बोलावत होत्या. जाब विचारण्याचं ते बळ गुडघे टेकूनच आलं असावं, असं मला मनापासून वाटतं. आत्म्याचं सामर्थ्य म्हणतात ते हेच.

मित्रहो, थोड्या वेळानं तुम्ही वर्तमानपत्र उघडाल. ज्या नेत्याचं नाव वाचून कपाळाला आठी पडते, त्याच्यासाठी आज प्रार्थना करा. त्याला सुबुद्धी लाभो. खरं सांगणारं एखादं माणूस त्याच्याजवळ राहो. आणि त्याला तक्रारीचं पत्र लिहायचं राहिलं असेल, तर तेही आजच लिहा.