आजार हा पूर्वजन्मीचा दंड नव्हे



निफाड तालुक्यातील एका खेड्यात एका कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याला सारखा ताप येई, चेहरा पांढराफटक पडे, मार न लागताही अंगावर निळे डाग उठत. रक्त तपासले तेव्हा रक्ताचा कर्करोग निघाला. शेजारीपाजारी म्हणाले, "देव सोडले, त्याचे हे फळ." कोणी पूर्वजन्मीचे पाप काढले. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "हा रोग आनुवंशिक, आईच्या माहेरचे रक्त पाहा." त्या माउलीने मला विचारले, "गुरुजी, माझ्याच रगतात खोट व्हती का?"

तिला दिलेले उत्तर सर्वांसाठी लिहितो.

शरीर आईबापांकडून येते, हे खरे. शरीर कसे घडावे याचा पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला मजकूर म्हणजे जनुके. त्यात थोडाफार अक्षरांचा फरक प्रत्येक माणसात असतो. आयकेझेडएफ१ सारख्या जनुकांतील काही फरक मुलांमधील या रोगाचा धोका थोडा वाढवितात, असे २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. पण तेच फरक असंख्य निरोगी माणसांतही असतात. रोग होण्यास पेशीत आणखी बिघाड व्हावे लागतात. पहिला पुष्कळदा गर्भातच होतो, पुढचा जन्मानंतर. एकसारख्या जुळ्यांतही एकाला रोग होतो आणि दुसरे बहुधा निरोगी राहते. अनेक कारणे एकत्र येतात तेव्हाच कार्य घडते. हाच तर प्रतीत्यसमुत्पाद! त्यात आईचा अपराध कोठे आहे?

सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय, असे मोळिय सीवकाने विचारले, तेव्हा तथागतांनी ते मत नाकारले आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी निरनिराळी कारणे दाखविली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत आनुवंशिकतेच्या कसोटीवर तपासला. गरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजाला टाळता यावी, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग, हे त्यांनी ओळखले.

म्हणून सावध राहा. पूर्वजन्माच्या जागी जनुक बसवून तोच दंड पुन्हा सांगू नका. 'यांच्या रक्तातच खोट' हे शब्द आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ ऐकले आहेत.

जनुकांचे ज्ञान दोष देण्यासाठी नसून उपचारासाठी आहे. एनयूडीटी१५ या जनुकात विशिष्ट फरक असलेल्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिन हे औषध नेहमीच्या मात्रेत सोसत नाही. हा फरक आशियातील लोकांत अधिक आढळतो. तो आधी कळला तर डॉक्टर मात्रा कमी करतात. १९५० च्या सुमारास या रोगातून मूल क्वचितच वाचे. आज वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे. गंडेदोऱ्यांत दिवस घालवू नका, बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका. शेजारी असाल तर त्या घराला प्रवासखर्चाची आणि रक्तदानाची मदत करा. करुणा म्हणजे तीच.

आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी सांगितले की, जन्म कोठे व्हावा हे माझ्या हाती नव्हते, पण पुढचे माझ्या हाती आहे. जनुकांचेही तसेच आहे. कोणती मिळाली, हे त्या माउलीच्या हाती नव्हते. मुलाला घेऊन मुंबईची गाडी पकडणे तिच्या हाती होते. ती तिने पकडली.

जय भीम!