गेलेल्या वडीलधाऱ्याचे स्मरण कशाने करावे?

२० डिसेंबर आला की गावोगावी श्रीगाडगेबाबांच्या तसबिरीला हार पडतात. आम्हीही घालतो. कीर्तन होते, पंगत उठते, मंडळी घरोघर जातात. गेल्या वर्षी आमच्याकडे असेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाकडे गेलो, तो मंडपभर पत्रावळी नि द्रोण वाऱ्यावर उडताहेत, आणि शेजारची एक म्हातारी एकटीच खराटा घेऊन ते लोटते आहे. तसबीर तिथेच होती. हारही सुकला नव्हता.

आम्ही ओशाळून म्हणालो, "आजी, बाबांच्या पुण्यतिथीची ही सेवा तुमच्या वाट्याला आली."

ती म्हणाली, "कुणाची तिथी ते मला काय ठावं? दारातली घाण बघवंना, म्हणून झाडते."

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. आदल्या रात्री बाबांच्या नावाचा गजर केला तो आम्ही. बाबांचे काम केले ते तिने, आणि तिला त्यांची आठवणही नव्हती. मग स्मरण कोणी केले म्हणावे?

बाबांचे चरित्र वारकऱ्यांस नवे नाही. प्रश्नापुरते तेवढे सांगतो. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती गाडगे नि खराटा. गावात शिरले की आधी झाडायचे, कीर्तन मग रात्री. कीर्तनातही प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. ऋण काढून सण करू नका, पोरांना शिकवा, दारू सोडा, शिवाशीव टाका, हेच त्यांचे निरूपण. १९२३ साली मुलगा गोविंद गेल्याची बातमी कोकणात, खारेपाटणच्या कीर्तनात त्यांच्या कानी आली. कीर्तन थांबले नाही. त्यांना दुःख झाले नसेल असे आम्ही म्हणणार नाही. बापाचे काळीज ते!

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या; पण घरची माणसे झोपडीतच राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारीत ते पंढरीला येत. पण दर्शनाच्या बारीत उभे न राहता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. हे आम्हां वारकऱ्यांना जरा टोचते, आणि टोचलेच पाहिजे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. वयाचे ८१ वे वर्ष चालू होते. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते.

ते कोणास पायांवर डोके ठेवू देत नसत. आपला कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही, आपली मूर्ती नको, देऊळ नको, असे सांगत. आणि आपण? पुतळे उभारले, अमरावतीस समाधिमंदिर बांधले, १९९८ साली टपालाचे तिकीट निघाले, पुढे विद्यापीठाला नाव दिले. हा आज्ञाभंगच नव्हे काय?

यावर एखादा माळकरी म्हणेल, "अहो, वारकऱ्याला रूपाचे वावडे कधीपासून? आपण पादुका नेतोच ना?" म्हणणे खरे आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली, आणि ज्ञानोबांच्या नि तुकोबांच्या पादुका आजही आळंदी-देहूहून पंढरीस जातात. पण ती पालखी आपोआप चालत नाही. पादुकांमागे आपल्याला आपलेच पाय झिजवावे लागतात, ऊन-पाऊस अंगावर घ्यावा लागतो. ती आठवण आपल्याकडून काहीतरी मागते. रूप ठेवावे, हार घालावा, त्यात दोष नाही. आठवणीने आपल्या देहाला काहीच तोशीस पडू नये अशी सोय आपण करून ठेवतो, दोष तेथे आहे. हार घातला की सुटलो, असे ज्या क्षणी वाटते, त्या क्षणी तो हार आपण आपल्याच गळ्यात घातलेला असतो.

घरच्या म्हाताऱ्याचेही असेच आहे. वडील होते तेव्हा त्यांच्या औषधाला पैसा नव्हता, आणि ते गेल्यावर तेराव्याला गाव जेवावा म्हणून कर्ज काढले, असे किती तरी ठिकाणी आपण पाहतो. या जेवणावळींवर बाबांनी कीर्तनातून किती कोरडे ओढले! पंगतीत बसून वडिलांची वाखाणणी करणारे आम्हीच असतो, हेही लपवीत नाही.

मग त्या आजीचे काय? तिला आठवण नव्हती म्हणून तिची सेवा उणी ठरत नाही. उलट तिला आठवणीची गरजच नव्हती. घाण पाहून तिचा हात आपसूक खराट्याकडे गेला. आमचा जात नाही. म्हणून आम्हांला तिथी लागते, तसबीर लागते, कोणीतरी जागे करावे लागते. स्मरण आहे ते आमच्यासारख्या विसरभोळ्यांसाठी. गेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

असो. यंदा आमच्या येथे इतकेच ठरले आहे की पंगतीस बसेल त्याने आपली पत्रावळ आपण उचलावी, आणि मंडप झाडून मगच घरी जावे. खराटा पहिल्याने आम्ही धरणार. आजींना त्या रात्री आधी जेवायला बसवायचे आहे. त्या येतील की नाही, विठ्ठल जाणे.

रामकृष्णहरि.