एकीमागे किती?

दिल्लीत वा नोएडात लेकरासाठी बालवाडी शोधताना आपण प्रथम विचारतो, ‘एका शिक्षिकेमागे मुले किती?’ प्रश्न रास्त आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानेही तीन वर्षांखालील १० मुलांमागे आणि त्यापुढील २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती सुचविली आहे. लूककृत शुभवर्तमानातील मेंढपाळाकडे तर शंभर मेंढरे होती! (प्रमाण वाईटच म्हणावयाचे.) तरी एक हरवल्याचे त्याला कळले. तेव्हा आकडा ऐकून घ्यावा आणि मग वर्गात घटकाभर बसावे. रडणाऱ्या मुलाला कोणी नावाने हाक मारते काय, ते पाहावे. बहुधा ती आयाबाई असते. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे आहे, किती जणांत आहे, हेही तिला विचारावे.