बीटचा हवालदार आणि भिवंडीची शांतता

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की लागणारी भिवंडी त्या दिवसांत शांत राहिली. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलेली आणि १९८४ मध्ये पुन्हा होरपळलेली हीच भिवंडी. जुनी वैरे, यंत्रमागाच्या खात्यांतली दाटी, अपुरे पाणी, सगळे जिथल्या तिथे होते.

१९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या आपल्याकडे आधीही होत्या, आजही आहेत. सण तोंडावर आला की मान्यवरांना पोलीस ठाण्यात बोलवायचे, चहा पाजायचा, सहकार्याचे आवाहन करायचे. त्या मान्यवरांपैकी कितीजण ऐन वेळी गल्लीत उतरतात, हे प्रत्येक ठाणे अंमलदाराला ठाऊक असते. खोपडे यांनी नेत्यांऐवजी वस्तीतली साधी माणसे घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांच्यासोबत बीटच्या पोलिसाला बसवले. मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हेच. बंदोबस्तात काठी घेऊन उभा राहणारा शिपाई इथे लोकांचे ऐकून घेऊ लागला.

बैठकीत विषय असायचे ते रोजचे: उसने पैसे, नवरा-बायकोचे भांडण, नळावरची बाचाबाची. असले प्रकरण एरवी पोलीस ठाण्यात गेले तर अदखलपात्र म्हणून नोंदले जाते. तक्रारदाराच्या हातात एक कागद पडतो, कोर्टात जा असे सांगितले जाते, कारण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. माणूस कागद घडी करून खिशात ठेवतो. राग तसाच राहतो. समोरचा दुसऱ्या धर्माचा असेल तर त्या रागाला मोठे नाव मिळायला वेळ लागत नाही. तोच तंटा समितीत दोघांच्या शेजाऱ्यांसमोर मिटला, की हवालदाराला वस्ती कळते आणि वस्तीला हवालदार. मग बाबरी पडल्याची बातमी येते तेव्हा अफवा खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस असतो.

बाबरी पडली तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती. समित्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या गुलाबराव पोळ यांनी गाव सावरले. मुंबईनेही पुढे हा धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्या सुरू झाल्या.

पण जुलै २००६ मध्ये भिवंडीतच क्वार्टर गेटजवळ पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली. गोळीबारात निदर्शक मेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. पोलिसांच्या स्वतःच्याच इमारतीचा वाद इतका चिघळला, यावरून ठाणे आणि वस्ती यांच्यातले बोलणे किती आटले होते ते दिसते. मला त्या मृत शिपायांबद्दल आणि गोळीबारात गेलेल्यांबद्दल सारखेच वाईट वाटते.

अधिकारी उत्साही असेल तोवर समित्या चालतात आणि बदलीच्या आदेशाबरोबर त्या थंडावतात, हे आपण कशासाठी सोसायचे? पदभार सोपवताना शस्त्रांची, मुद्देमालाची मोजदाद होते. तशीच समित्यांचीही व्हावी. शेवटची बैठक कधी झाली, कोणते तंटे मिटले, कोणते उरले, हे नव्या अधिकाऱ्याने सही करून ताब्यात घ्यावे. आणि हवालदाराच्या गोपनीय अहवालात, त्याने किती आरोपी पकडले यासोबत, वस्तीतले किती तंटे वेळीच मिटवले याचाही रकाना असावा.