दोन वह्या

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट चोरीची आहे.

भात निघालं की या पट्ट्यातली कर्ती माणसं घाट उतरून नारायणगावला मजुरीला जातात. सकाळी तिथल्या मजूर बाजारात उभं राहायचं, बागायतदार नेईल तिकडं जायचं, दुसऱ्याच्या रानातले टोमॅटो तोडायचे, कांदे लावायचे. मागं गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. पावसाळ्यात त्यांना डोंगर पोसतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली, काही विकत घ्यावं लागत नाही. दिवाळीनंतर डोंगर वाळतो आणि होळीपर्यंत ताटात भाकरी आणि ठेचा एवढंच उरतं. आठवडी बाजाराला गाठीला पैसे असले तर बटाटे. दुसऱ्यांची भाजी पिकवणाऱ्या गावाला स्वतःची भाजी नव्हती आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं.

वाटलं ते अंगणवाडीच्या ताईंना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2011 साली सांगितलेला हिशेब त्यांना पाठ होता, मोठ्या माणसाला दिवसाला 300 ग्रॅम भाजी, त्यात 50 ग्रॅम पालेभाजी. त्यांनी बचत गटाच्या बैठकीत तराजू आणून तेवढी भाजी मोजून दाखवली. बायका हसल्या. एकजण म्हणाली, "ताई, एवढ्यात आमचं अख्खं घर जेवतं."

पण हसून झाल्यावर कामाला लागल्या. शाळेमागच्या विहिरीजवळ पाच गुंठे पडीक होतं. मालकानं हो म्हटलं. बायकांनी दगड वेचले, शेणखत टाकलं आणि सात वाराचे सात वाफे पाडले. सोमवारी सोमवारच्याच वाफ्यातलं खुडायचं, म्हणजे त्याला पुन्हा फुटायला आठवडा मिळतो. माठ, चुका, अंबाडी, वांगी, गवार. कुंपणाकडेला वाल आणि दुधी. अध्यक्षीणबाईंनी दुकानातून संकरित बियाण्याची पाकिटं आणली. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजीनं घरातलं राखेत ठेवलेलं बी काढलं. "पाकिटातलं एकदा पेरायचं, पुढच्या साली परत पैसं. हे आपलं आपल्यापाशी राहतं," ती म्हणाली. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हापासून म्हाताऱ्या बायकांच्या बियाण्याच्या गाडग्यांकडं लोक जरा मानानं बघतात, एरवी त्यांचं कोण ऐकतं!

पौषात बाग भरली आणि चोरी सुरू झाली. आज दोन वांगी, उद्या ओंजळभर गवार. अध्यक्षीणबाईंनी बैठक बोलावली. गटाच्या शिलकीतून काटेरी तार आणायची, दाराला कुलूप लावायचं आणि चोर सापडला तर पंचायतीपुढं उभा करायचा, असं जवळजवळ ठरलंच.

आजी म्हणाली, "तार आणा. पण आधी वाफा बघून या."

सगळ्या जणी वाफ्यापाशी गेल्या. आजीनं माठाचं एक खोड दाखवलं. चोरानं ते उपटलं नव्हतं. कोंब नखानं वरच्यावर खुडले होते, खाली दोन पेरं राखून, म्हणजे पुन्हा फूट यावी. वालाच्या वेलावर आजीनं बियाण्यासाठी धरलेल्या शेंगांना चिंधी बांधली होती. बाकीच्या शेंगा गेल्या होत्या, चिंधीवाल्या एकीलाही हात लागलेला नव्हता.

"जनावर असतं तर मुळासकट खाल्लं असतं. बाजारात विकणारा असता तर पाटी भरून नेली असती. ह्यानं एका कालवणापुरतं नेलंय. आणि बी राखलंय."

कुणी बोललं नाही. गावात असं खुडणारी आणि गटाच्या वहीत नाव नसलेली बाई एकच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेक-सून नारायणगावला, घरी तीन नातवंडं. ती आधी गटात होती. महिन्याचे शंभर रुपये तीन वेळा थकले, म्हणून तिचं नाव ठरावानं कमी केलं होतं. त्या ठरावावर आजीचाही अंगठा होता.

अध्यक्षीणबाई चिडल्या आणि त्यांचं चिडणं काही खोटं नव्हतं. "आज तिचं माफ केलं तर उद्या सगळ्याच हप्ता बुडवतील. बँकेचं कर्ज माझ्या सहीवर आहे. ते कोण फेडणार?"

बचत गटांची ही अडचण पुष्कळ ठिकाणी दिसते. गट गरिबांसाठी काढतात, पण दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकू शकेल अशीच गरीब बाई त्यात टिकते. जिला तेवढंही जमत नाही ती आपोआप बाहेर पडते. तिचं भुकेलं राहणं मग नियमानुसार ठरतं. नियम करणारीला दुष्ट म्हणता येत नाही, म्हणून तर तो बदलणं अवघड जातं.

बराच वेळ वाद झाला. आजीनं दया करा असं एकदाही म्हटलं नाही. ती एवढंच विचारत राहिली, "बँकेनं वाफ्याला पाणी घातलं का?"

शेवटी वाट काढली ती अध्यक्षीणबाईंनीच. त्या म्हणाल्या, "मग वह्या दोन करू. पैशाची वही तशीच राहील, तिथं हप्ता चुकला तर नाव कमी. बागेची वही वेगळी. तिथं पैसा लिहायचाच नाही. आठवड्यातून एक दिवस पाणी शेंदायचं किंवा निंदायचं, आणि एक वाटा न्यायचा. बाळंतीण, आजारी, हिंडता न येणारं म्हातारं माणूस असेल तर काम न करता वाटा. उरलं तरच बाजार."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्या बाईच्या दारात गेल्या. चोरीचं काही बोलल्या नाहीत. "मावशी, तुम्हाला माठ खुडता येतो. आमच्या नव्या पोरी उपटतात. मंगळवारचा वाफा तुम्ही बघाल का?" मावशी हो म्हणाल्या.

बागेच्या वहीत पुढं गटाबाहेरची आणखी सहा घरं आली. चोरी थांबली. चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा पाणी वाढलं नाहीच, पण शेंदायला हात वाढले होते, म्हणून सातांपैकी चार वाफे जगले. तारेसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून नवा दोर आणि दोन बादल्या आल्या, आणि तो खर्च पैशाच्या वहीत लिहिला गेला.