चिपाडाचा धनी

ऊर्जेची चर्चा निघाली की हल्ली आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो: जे स्वच्छ ते न्याय्यही असणारच. कोळसा आणि तेल जाळणे हे पाप. ऊन, वारा आणि शेतातला काडीकचरा यांतून वीज काढणे हे पुण्य. पृथ्वीच्या प्रकृतीचा विचार करता हा हिशेब बराचसा खरा आहे. तथापि नीतीच्या दृष्टीने तो अपुरा आहे, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी मी मॉरिशसचे उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रश्न उसाच्या चिपाडाइतक्या साध्या वस्तूतून उभा राहिला आहे.

मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. 2 नोव्हेंबर 1834 रोजी हिंदी मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर तिथे नेण्यात आली. त्यांतले काही मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसास्थळ ठरला. कॅथोलिक वाचकांना या बेटाची दुसरी ओळख आहे ती धन्य जाक-देझिरे लावाल यांच्यामुळे. डॉक्टरकी सोडून धर्मगुरू झालेला हा फ्रेंच माणूस 1841 साली तिथे पोहोचला आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये 1864 साली मरण येईपर्यंत राहिला. गुलामगिरी रद्द झाली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. आणि मळे ओस पडू नयेत म्हणून मग आपली माणसे नेण्यात आली. ऊस या बेटावर आला तो असा, दोन समाजांच्या पाठीवरून. चिपाडाचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

आता चिपाडाविषयी. रस काढून घेतल्यावर उसाचे जे उरते त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. वजनाने ते उसाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके भरते. आपल्या गुऱ्हाळात हेच चिपाड वाळवून काहिलीखालच्या चुलवणात सारतात. ते कोणाचे, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, कारण रसही त्याचाच, गूळही त्याचाच. मॉरिशसच्या साखर कारखान्यांनीही प्रथम तेच केले. पुढे चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरमधून गरजेपेक्षा जास्त वाफ निघते आणि तिच्यावर वीज करून विकता येते, हे ध्यानात आले. 1957 पासून थोडीथोडी अशी वीज सार्वजनिक तारांत जाऊ लागली. 1980 च्या दशकात या उद्योगाने मोठे रूप घेतले. 1991 साली सरकारने त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच आखला. ज्या देशाजवळ स्वतःचा कोळसा नाही, तेल नाही, वायू नाही, त्याला हे वरदानच वाटले असणार. चिपाड जळताना कार्बन सुटतो हे खरे, पण पुढच्या हंगामाचा ऊस तो पुन्हा शोषून घेतो. बेटांच्या ऊर्जाधोरणाचा विषय निघाला की जगभरचे जाणकार मॉरिशसचे नाव घेत आले आहेत ते यामुळे, आणि ते योग्यच आहे.

परंतु चिपाडाला किंमत आली आणि त्याच दिवशी त्याचा धनी कोण हा वादही जन्माला आला.

मॉरिशसमध्ये परंपरेने ऊस विकला जात नसे. तो गाळून मिळालेल्या साखरेचे 78 टक्के लागवडदाराचे आणि 22 टक्के गाळणीचा मोबदला म्हणून कारखान्याचे, अशी वाटणी असे. मळीतही लागवडदाराचा वाटा होता. मग चिपाडात का नसावा? कारखानदाराचे उत्तर असे, की हा कचरा होता. त्याला मोल आले ते आमच्या बॉयलरमुळे, आमच्या जनित्रामुळे, आम्ही पत्करलेल्या धोक्यामुळे. लहान लागवडदाराचे म्हणणे असे, की मी पूर्ण ऊस आणून दिला. त्यातला धागा माझ्याच जमिनीत आणि माझ्याच घामात वाढला. तुम्हांला त्याचे मोल उशिरा कळले म्हणून तो माझा नव्हता असे होत नाही. त्याच्या हाती वर्षानुवर्षे पडत राहिली ती चिपाडाबद्दलची एक किरकोळ रक्कम.

कारखानदाराचा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. भांडवल आणि कौशल्य यांनीही मोल निर्माण होते. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीने ते कधी नाकारलेले नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाला भांडवलाच्या आधी स्थान दिले, पण भांडवलाला हद्दपार केले नाही. तेव्हा मोल दोघांनी मिळून निर्माण केले असेल तर वाटणीही दोघांत व्हावी, इथवर तर सामान्य न्यायबुद्धीही आपल्याला आणून सोडते. आपल्याकडे 2012 साली रंगराजन समितीने उसाचा भाव ठरवताना साखरेबरोबर बगॅस आणि मळी यांचेही उत्पन्न धरावे आणि त्यातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याचा मानावा असे सुचवले, त्यामागे हेच तत्त्व होते.

मॉरिशसमधली खरी गोम मात्र पुढे आहे. कारखानदाराच्या बाजूचा सर्वांत वजनदार शब्द म्हणजे 'धोका'. ज्याने धोका पत्करला त्याला नफा. पण ही वीज विकत घेत होते तेथील सरकारी वीज मंडळ, आणि तेही दीर्घ मुदतीच्या, ठरीव अटींच्या करारांनी. गिऱ्हाईक एकच, तेही सरकारी, करार वर्षानुवर्षांचा. मग धोका उरला तो किती? अशा रचनेत धोक्याचा मोठा भार विजेचे बिल भरणाऱ्या सामान्य कुटुंबावर सरकतो आणि नफा मात्र जुन्या मालकाजवळच राहतो. ज्याने धोका दुसऱ्याच्या खांद्यावर दिला त्याने धोक्याच्या नावाने मोबदला मागावा, हे मला न्यायाला धरून वाटत नाही. गुंतवणूकदाराला खात्री दिल्याशिवाय बेटावर पैसा येत नाही, हे मान्य. पण दिलेली खात्री ही जनतेची ठेव आहे. तिच्यावर जनतेचाही परतावा असला पाहिजे.

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत कापणीच्या वेळी शेताचे कोपरे सोडावेत, मागे राहिलेली कणसे परत वेचू नयेत, असा नियम आहे. ती परके, अनाथ आणि विधवा यांची. रूथची कथा या नियमावरच उभी आहे. आपण त्याला दयेचा नियम समजतो. वस्तुतः तो हक्काचा नियम आहे: शेताचा मालक ती कणसे दान देत नाही, कारण ती त्याची नसतातच. 'उरलेसुरले' या वर्गात जे मोडते त्यावर मालकाचा दावा सर्वांत कमकुवत असतो, असे त्या जुन्या शास्त्रकारांना वाटत होते. आपल्या काळाने हे नेमके उलटे केले. उरल्यासुरल्याला भाव येताच मालकाने ते वेचायला यंत्र लावले.

शिवाय चिपाडाला हंगाम असतो. जूनपासून वर्षअखेरपर्यंत गाळप. उरलेल्या महिन्यांत त्याच बॉयलरांत परदेशातून आणलेला कोळसा जळू लागला. यात फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. वर्षभर वीज हवी तर काहीतरी जाळणे भाग होते. पण चिपाडाच्या हिरव्या नावाआड कोळशाने बेटावर बस्तान बसवले हे खरे आहे. 2013 च्या जानेवारीत एका तरुणाने नव्या कोळसा-प्रकल्पाविरुद्ध उपोषण केले, तेव्हा कुठे हा विषय घराघरांत पोहोचला. 2021 साली ग्लासगोच्या परिषदेच्या सुमारास सरकारने 2030 पर्यंत कोळसा सोडण्याचे आणि 60 टक्के वीज नवीकरणीय साधनांतून मिळवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, त्या वेळी हा वाटा सुमारे पंचमांश होता.

तो वाढला का नाही, याच्या कारणांत एक कारण चिपाडाच्याच वाटणीत दडलेले आहे. 2006 पासून युरोपने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला. लहान लागवडदाराला साखरेत काही उरेना, चिपाडात वाटा नव्हताच म्हणण्याजोगा. हजारोंनी ऊस सोडला. लागवडीचे क्षेत्र दोन दशकांत जवळजवळ निम्म्यावर आले. कारखाने बंद होत होत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. ऊस गेला तसे चिपाडही गेले. 2021 साली सरकारने चिपाडाचा मोबदला बराच वाढवून दिला, पण पडीक पडलेले शेत आणि शहराकडे गेलेला मुलगा मोबदला वाढताच परत येतात असे नाही. न्याय ही धोरणावर मागाहून शिंपडायची वस्तू आहे असे मानणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी हा अनुभव जरा निवांतपणे वाचावा.

आता बेटाबाहेर पाहू. जगाच्या तापमानवाढीत मॉरिशससारख्या देशाचा वाटा नगण्य, आणि तरी समुद्र चढतो तो त्याच्या किनाऱ्यावर. 25 जुलै 2020 रोजी चीनहून ब्राझीलकडे निघालेले 'वाकाशिओ' हे जहाज त्याच्या प्रवाळखडकांवर आदळले आणि पुढे हजार टनांच्या आसपास तेल पाण्यात सांडले. त्या जहाजाचे मॉरिशसशी कसलेही काम नव्हते. लोकांनी उसाचे पाचट पोत्यांत भरून तरंगते बांध केले आणि तेल अडवले. अशा देशाने स्वच्छ ऊर्जेसाठी कर्ज काढावे, तेही वादळाचा धोका धरून चढ्या व्याजाने? एकाच अपराधाची किंमत हा देश दोनदा मोजतो, आणि अपराध दुसऱ्याचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ज्याला उत्तरेकडील देशांवरचे पर्यावरणीय ऋण म्हटले, ते हेच. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी 2022 पासून जागतिक कर्जव्यवस्था बदलण्याची जी मागणी लावून धरली आहे, तिचे मूळही इथेच आहे.

तरीही लहान देशाने आपला वाटा उचलावा, असे सांगताना आपले प्रवचनकार विधवेच्या दोन नाण्यांचा दाखला देतात. तो दाखला मला नेहमीच अर्धवट वाटत आला आहे. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या विधवेच्या आधी प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो. ती विधवा इतकी गरीब का झाली, याचे उत्तर लगतच्याच ओळींत असावे, असा त्या मांडणीचा अर्थ काही अभ्यासकांनी लावला आहे आणि तो मला पटतो. तिच्या दानाची थोरवी कमी होत नाही. पण तिच्या दानाकडे बोट दाखवून आपली तिजोरी राखणाऱ्याची सुटकाही होत नाही.

हाच न्याय बेटाच्या आतही लावावा लागेल. श्रीमंत देशांकडे ऋणाची मागणी करणाऱ्या सरकारला आपल्या लहान लागवडदाराचे ऋण नाकारता येणार नाही. 9 सप्टेंबर 2019 रोजी, लावाल यांच्या स्मृतिदिनी, पोप फ्रान्सिस पोर्ट लुईला आले होते. देशाची आर्थिक वाढ तरुणांच्या पदरात पडत नाही, ते कडेला फेकले जातात, याबद्दलचे दुःख त्यांनी तेव्हाच्या मिस्सेत बोलून दाखवले. त्याच सुमारास दहा हजार गरीब घरांवर सौर तावदाने बसवून त्यांना दरमहा थोडी वीज मोफत देण्याची एक योजना तेथे हाती घेतली गेली होती. योजना लहान आहे, आणि तिच्यासाठीही परदेशी कर्ज घ्यावे लागले. पण तिच्यात सूर्याची वीज ज्याच्या छपरावर पडते त्याच्याच घरात आधी जाते. नव्या सौरप्रकल्पांचे आणि बॅटऱ्यांचे करार आता लिहिले जात आहेत. त्यांत किती मेगावॉट हे पहिल्या पानावर असते. मला वाचायचे असते ते मागचे पान, जिथे वाटणी लिहिलेली असते.